म्हणजेराव

एकोणीसशे छप्पन साली दसऱ्याच्या सुमारास गुलबर्ग्याला एक मोठी बैठक भरली. हैदराबाद राज्य मोडायचं ठरलं होतं. मराठवाडा मुंबईला, तेलंगण आंध्राला आणि आमचा बीदर-गुलबर्गा म्हैसूरला जाणार होता. कुठल्या कारकुनानं कुठं जायचं ते समजावून सांगायला वरून एक बडे साहेब आले होते. गळ्यात हार, समोर चांदीच्या पेल्यात पाणी. सगळी सभा मान खाली घालून ऐकत होती. साहेब म्हणाले, "ज्यांना दुसऱ्या राज्यात जायचं असेल त्यांनी तसं लवकरात लवकर कळवावं."

"थांबा साहेब," मागच्या रांगेतून आवाज आला. "लवकरात लवकर म्हणजे?"

सभा दचकली. साहेबांनाही असं कुणी अर्ध्यावर तोडलं नसावं. ते म्हणाले, "म्हणजे शक्य तेवढ्या लवकर."

"व्हय, पण म्हणजे कधी? तारीख सांगा. न्हाईतर एक जण आठ दिवसांनी कळवंल, दुसरा सहा महिन्यांनी, आन दोघंबी म्हणतील की आमी लवकरच कळवलं."

माझ्या शेजारी बसलेल्या गुलबर्ग्याच्या कारकुनानं माझी बाही ओढली. "हा म्हातारा कोण? याला पेन्शन नको झालीय काय?" मी म्हणालो, "आमचे हेडक्लार्क, नरहरराव. बीदरला त्यांना म्हणजेराव म्हणतात." साहेबांनी शेवटी कपाळाला आठ्या घालत तारीख सांगितली, आणि सगळ्या सभेनं ती मुकाट्यानं लिहून घेतली. मनातून प्रत्येकाला तीच हवी होती, पण विचारायची छाती एकाचीही नव्हती.

नरहरराव असेच होते. साहेब बोलत असो, मंत्री बोलत असो, देवळात पुराणिकबुवा सांगत असोत, हे मध्येच हात वर करणार आणि "म्हणजे?" विचारणार. लोकांना वाटायचं हा जन्माचाच आगाऊ माणूस. ते ऐकलं की माझं डोकं फिरायचं. कारण मी त्यांच्या हाताखाली उमेदवारीपासून होतो, त्यांच्याच गल्लीत राहत होतो, आणि अठ्ठेचाळीस सालापर्यंत या माणसानं एकाही साहेबाचं वाक्य अर्ध्यावर तोडलेलं मी ऐकलं नव्हतं. साहेबासमोर जाताना शेरवानीची वरची गुंडी लावायची, मान वाकवायची, "जी" म्हणायचं आणि उलट्या पावलांनी बाहेर यायचं. त्या पिढीचं शिक्षणच ते. मग हा बदल कशानं झाला ते मी डोळ्यांनी पाहिलं.

आमचं दफ्तर बीदरबाहेर नौबादच्या बाजूला होतं. खातं तामीरातचं, म्हणजे सडका आणि इमारती बांधणारं. चार खोल्या, पुढं एक भलं मोठं चिंचेचं झाड, मागं गोदाम. गोदामात घमेली, पहारी, डांबराचे पिंप आणि दगडाच्या खाणीसाठी लागणाऱ्या सुरुंगाच्या दारूच्या पेट्या. या गोदामाच्या किल्ल्या ख्वाजामियांकडे. काटकुळे, पान खाणारे, गोड बोलणारे गृहस्थ. कुलूप लावल्यावर ते तीनदा ओढून बघायचे आणि चौथ्यांदा बघायला घरून परत यायचे, म्हणून आम्ही त्यांची खूप थट्टा करायचो.

सप्टेंबरात हिंदी फौजा शिरून पोलीस ॲक्शन झालं, निजामाचं राज्य गेलं, त्या आठवड्यात आमचे मोठे साहेब कुणालाही न सांगता हैदराबादेला निघून गेले. टेबलावर त्यांचा चष्म्याचा डबा तसाच राहिला. नंतर आमच्या मुलखात जे झालं ते ज्यांनी पाहिलं ते अजूनही नीट बोलत नाहीत. आधी रझाकारांनी हिंदूंचे हाल केले होते, आता त्याचा सूड ज्यांनी कुणाचं वाकडं केलं नव्हतं अशा मुसलमानांवर उगवला जात होता. गावंच्या गावं ओस पडली. मी तेव्हा पंचविशीतला. माणसं अशी वागू शकतात हेच मला ठाऊक नव्हतं.

त्या दिवसांत दफ्तराला साहेब नव्हता. होते ते हेडक्लार्क नरहरराव. आणि या वाकून चालणाऱ्या माणसानं काय करावं? रोज सकाळी सगळ्यांना चिंचेखाली बोलवायचे. मी, हिशेबाचे श्रीपतराव, चपराशी बसलिंगप्पा, पाणी भरणारी मल्लम्मा, ख्वाजामियां, जो आला असेल तो. म्हणायचे, "आज काम थोडं ऱ्हायलं तरी चालंल. आधी कुणाच्या घरी काय चाललंय ते सांगा. कुणाला कशाची भीती वाटायलीय ते बोला." आणि आम्ही बोलायचो. बसलिंगप्पा कन्नडमधून, मल्लम्मा दखनी उर्दूतून, मी मराठीतून. कुणाच्या घरी ज्वारी नाही, कुणाची बहीण भालकीला अडकलीय, कुणाच्या आळीत रात्री दगड पडतात, सगळं तिथं निघायचं आणि तिथंच त्यावर तोड काढली जायची. मी पुढं पुष्कळ दफ्तरं पाहिली, पण तसं एकही पाहिलं नाही.

एका दुपारी वीस-पंचवीस जणांचा घोळका कुऱ्हाडी घेऊन ख्वाजामियांना शोधत आमच्या गल्लीत आला. ख्वाजामियां आणि त्यांची बायको हमीदाबी नरहररावांच्या मागच्या खोलीत होती. नरहररावांच्या पत्नी जानकीबाईंनी सोवळ्याओवळ्याचं सगळं गाठोडं माळ्यावर टाकून दोघांना तिथं ठेवलं होतं. नरहरराव उघड्या अंगानं, जानवं दिसेल असे, दारात येऊन उभे राहिले. "कुणाला हुडकायलाव?" त्यांनी विचारलं. पुढच्यानं नाव सांगितलं. नरहरराव म्हणाले, "घरात माझी बायको हाय आन माझा देव हाय. आत यायचं आसंल तर मला ओलांडून या." मी समोरच्या ओट्यावरून पाहत होतो. ते हलले नाहीत. घोळका शिव्या घालत परत गेला. त्या दिवसापासून मी त्यांच्या पाया पडायला लागलो, खोटं कशाला सांगू.

थंडी सुरू झाली आणि नवे साहेब आले. दुबेसाहेब. जबलपूरकडचे, हिंदी बोलणारे, चाळिशीच्या आतले. माणूस स्वच्छ. लाच नाही, फुकटची कोंबडी नाही, सरकारी जीप घरच्या कामाला नाही. सकाळी आमच्या आधी येऊन बसायचे. पण कुणीतरी त्यांच्या डोक्यात भरवून पाठवलं होतं की हैदराबादचं प्रत्येक दफ्तर म्हणजे रझाकारांचं बीळ. पहिल्याच दिवशी त्यांनी आम्हाला ओळीनं उभं केलं आणि म्हणाले, "यहाँ गपशप बहुत चलती है. अब से जब तक पूछा न जाए, कोई मुँह नहीं खोलेगा."

बस्स. एवढंच एक वाक्य. ते वाक्य काय करू शकतं ते पाहून मी थक्क झालो. दुसऱ्या दिवशी चिंचेखाली कुणी आलं नाही. तिसऱ्या दिवसापासून श्रीपतराव साहेबांच्या खोलीत जाताना इकडंतिकडं बघून जायला लागले आणि बाहेर येताना आमच्याकडं बघायचं टाळायला लागले. बसलिंगप्पा पडद्याला कान लावून उभा राहायला शिकला. साहेबांना संशय यायचा, आणि साहेबांना आला म्हणून आम्हालाही यायचा. आठवड्यापूर्वी ज्याच्या घरी ज्वारी पोचवली त्याच्याशी "राम राम" करायचं की "आदाब" यावर माणसं अडायला लागली. आणि नरहरराव? त्यांनी शेरवानीची वरची गुंडी परत लावली.

मग साहेबांनी गोदाम मोजलं. दारूच्या पेट्या कमी भरल्या. त्यांनी ख्वाजामियांना आत बोलावलं, आणि चौकशीला साक्षीदार म्हणून नरहररावांना शेजारी बसवलं. दार लावून घेतलं. बाहेर आम्हाला काहीच ऐकू आलं नाही. थोड्या वेळानं साहेबांनी बसलिंगप्पाला पोलीस ठाण्यावर पिटाळलं. दोन शिपाई आले आणि ख्वाजामियांना दंडाला धरून घेऊन गेले. जाताना त्यांच्या कमरेचा किल्ल्यांचा जुडगा साहेबांनी काढून घेतला. आम्ही हातातलं काम हातात धरून बघत राहिलो.

नरहरराव बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. मी जवळ जाऊन विचारलं, "काय झालं काका? ख्वाजामियांनी काय केलं?"

"काही न्हाई," ते म्हणाले. "चौकशी चाललीय. काम कर."

पण बातमी काय दारं बंद करून थांबते? संध्याकाळपर्यंत गावभर झालं की ख्वाजामियांनी सुरुंगाची दारू रझाकारांना दिली. आणि मला धक्का बसला तो याचा की आमच्या दफ्तरातल्या माणसांनी ते लगेच खरं मानलं. श्रीपतराव म्हणाले, "मला आधीपासनंच वाटायलतं." बसलिंगप्पा म्हणाला की कुलूप तीनतीनदा ओढून बघणारा माणूस सरळ नसतोच. मी त्याच्या अंगावर धावून गेलो. श्रीपतरावांनी मला मागं ओढलं आणि साहेबांच्या पडद्याकडं बोट दाखवून गप्प केलं.

रोज हमीदाबी नरहररावांच्या घरी यायची आणि उंबऱ्याबाहेर बसून राहायची. ठाण्यातून कुणी काही सांगत नव्हतं. मारतात एवढं मात्र ऐकू येत होतं. एकदा मी तिथं असताना जानकीबाई नवऱ्यावर कडाडल्या. "तुमी साहेबांच्या शेजारी बसताव न्हवं? मग कामून बोलंनात? कुऱ्हाडी घेतलेली माणसं परतवली तुमी, आन एका माणसाशी दोन शब्द बोलवंनात?"

नरहररावांनी ताटावरून हात मागं घेतला. "तुला दफ्तरातलं कळत न्हाई," ते म्हणाले, आणि हात धुवायला उठले. ताटातली भाकरी तशीच.

दफ्तरात मी त्यांना पाहत होतो. साहेबांच्या दारापर्यंत जायचे. गुंडी चाचपायचे. पडद्याला हात लावायचे आणि परत येऊन खुर्चीत बसायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मला वाटायचं, ख्वाजामियांसाठी रदबदली करायला जात असतील आणि धीर होत नसेल. मला त्यांची कीवही यायची आणि रागही यायचा.

उकल झाली ती मल्लम्मामुळं, आणि तिला ते आयुष्यभर कळलं नाही. एका सकाळी दुबेसाहेब लवकर आले. मल्लम्मा रांजण भरत होती. साहेब काही दगड नव्हते. थंडीत म्हातारी ओल्या पदरानं घागरी वाहतेय हे पाहून ते थांबले आणि त्यांनी चौकशी केली, घरी कोण कोण आहे, नवरा काय करतो.

"आदमी मर गया साब," मल्लम्मा म्हणाली.

"कब?"

"परसों."

साहेब जागच्या जागी थिजले. मग जे ओरडले ते आम्हाला फाटकाबाहेर ऐकू आलं. आम्ही धावत आत आलो तर साहेब नरहररावांना फाडून खात होते. परवा जिचा नवरा मेला त्या बाईला तुम्ही आज पाण्याला लावता? तुम्ही माणसं आहात की कोण? सुट्टी कुणी नाकारली हिला? मल्लम्मा तोंडावर पदर घेऊन उभी होती. नोकरी गेली असंच तिला वाटलं. "मैं क्या बोली अण्णा?" एवढंच ती नरहररावांना परत परत विचारत होती.

नरहररावांनी डोळे मिटले. मग म्हणाले, "साहेब, हिचा नवरा मेला तेव्हा हा व्यंकटेश पाळण्यात होता."

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. माझ्या मिशा बघितल्या. "वह कह रही है, परसों."

"आमच्याकडं परसों म्हणजे मागं कधीतरी, साहेब. गेलेला कुठलाबी दिवस. महिन्यामागचा, वर्षामागचा. मराठीत आमी परवा म्हणताव, तेबी तसंच."

यात सांगण्यासारखं काही आहे हेच मला तोवर सुचलं नव्हतं. माझी आई माझी मुंज परवा झाल्यासारखी सांगते. बाजारात माणूस म्हणतो परसों हैदराबादला गेलो होतो, आणि ऐकणारा विचारतो, कुठल्या साली? आमच्या मुलखात जन्मलेल्या माणसाच्या कानाला ते खटकतच नाही. श्वास घेताना कुणी हवेचा विचार करतो का?

पण दुबेसाहेब जबलपूरचे. तिकडं परसों म्हणजे परवा, मधला एक दिवस सोडून. त्यांच्या तोंडावरचा रंग हळूहळू उतरत गेला. ते खांबाला धरून उभे राहिले आणि स्वतःशीच बोलल्यासारखं बोलले. मी त्या गोदामवाल्याला विचारलं, पेट्या कधी गेल्या? तो म्हणाला, परसों. मी विचारलं, कोणी नेल्या? तो म्हणाला, रझाकारांनी.

तेव्हा आम्हाला पहिल्यांदा कळलं की आत काय झालं होतं. पेट्या उन्हाळ्यातच गेल्या होत्या. रझाकार दफ्तरात घुसून बंदुका रोखून घेऊन गेले होते, तेव्हाच्या साहेबांदेखत. आम्ही सगळे तिथं होतो. ख्वाजामियांच्या कानफटात मारून त्यांनी किल्ल्या घेतल्या होत्या, हेही आम्ही पाहिलं होतं. पण चौकशी त्याच पेट्यांची चाललीय हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, आम्हाला वाटलं त्यानंतर आणखी गेल्या. ती सगळी हकिगत ख्वाजामियांच्या तोंडी एका शब्दात आली, परसों. आणि दुबेसाहेबांनी काय ऐकलं? परवा, पोलीस ॲक्शनला दोन महिने होऊन गेल्यावर, रझाकार अजून आसपास आहेत, ते दारू घेऊन गेले आणि या माणसानं तक्रार केली नाही. एका शब्दावर एक माणूस कोठडीत सडत होता.

साहेब घरातल्या सपाता घालून आले होते. तसेच जीपमध्ये बसले. "मुंतजिम, आप भी चलिए," ते म्हणाले. मुंतजिम म्हणजे हेडक्लार्क. नरहरराव मागं जाऊन बसले.

जीप परत आली तेव्हा उन्हं उतरली होती. ख्वाजामियांना साहेबांनी हात देऊन उतरवलं. एक डोळा मिटलेला, उजव्या हाताची बोटं सुजलेली. ते येऊन चिंचेच्या पारावर टेकले. कुणीतरी पाणी आणायला हवं होतं. आम्ही सगळे पाणी आणायचं सोडून साहेबांच्या तोंडाकडं बघत उभे. इतकी आमची सवय बदलली होती! साहेबांनाच ते कळलं. ते स्वतः आत गेले, रांजणातून तांब्या भरून आणला आणि ख्वाजामियांच्या हातात दिला.

मग त्यांनी आम्हाला ओळीनं उभं केलं, पहिल्या दिवसासारखंच. आम्हाला वाटलं, आता कुणाची तरी गच्छंती. साहेब ख्वाजामियांसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "ख्वाजामियां, गलती मेरी थी. मैंने आपकी बात समझी नहीं और समझने की कोशिश भी नहीं की. मुझे माफ कीजिए."

मी माझ्या जन्मात, माझ्या बापानं त्याच्या जन्मात, कुठल्या साहेबाच्या तोंडून असं ऐकलं नव्हतं. श्रीपतराव आ वासून बघत होते. बसलिंगप्पा घाबरून एक पाऊल मागं सरकला. साहेब माफी मागतोय म्हणजे यामागं आणखी काहीतरी भयंकर आहे, असं त्याला वाटलं असावं. ख्वाजामियां पारावरून उठून उभे राहिले, कारण साहेब उभा असताना बसायचं नसतं. साहेबांनी खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला, त्यांच्यापुढं धरला. "गोदाम आपका है."

"थांबा साहेब."

आवाज नरहररावांचा होता. पण असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. ते ओळीतून पुढं आले. शेरवानीची वरची गुंडी तुटून लोंबत होती.

"गलती तुमची एकट्याची न्हाई," ते म्हणाले. "त्या दिवशी मी खोलीत होतो. तुमच्या शेजारी. ख्वाजा परसों म्हणाला, तुमी दचकलाव, ते मी बघितलं. तुमी काय समजलाव ते मला तिथल्या तिथं कळलं."

मला ते वाक्य कळायलाच वेळ लागला. मग कळलं. आमचे नरहरराव! कुऱ्हाडींच्या समोर उघड्या अंगानं उभे राहिलेले!

साहेब त्यांच्याकडं बघतच राहिले. "आप जानते थे? तो बोले क्यों नहीं?"

"तुमचा हुकूम होता, विचारल्याबिगर बोलू नका म्हणून."

"मुंतजिम..." साहेब एक पाऊल पुढं आले.

"न्हाई, हुकमाच्या आड लपत न्हाई मी," नरहरराव म्हणाले. "भ्यालो साहेब. पहिल्या दिवशी भ्यालो. मग दुसऱ्या दिवशी वाटलं, आता सांगितलं तर तुमी विचाराल, काल कामून न्हाई सांगितलं? तिसऱ्या दिवशी आणखीन अवघड झालं. एक शब्द सांगायचा होता, पण तो रोज जड व्हायला लागला." मग ते ख्वाजामियांकडं वळले आणि त्यांनी हात जोडले. "ख्वाजा, मला सगळं कळलं होतं. तरी मी गप बसलो. तू मला माफ कर, नको करू, पण हे तुला माहीत पाहिजे."

ख्वाजामियांनी त्यांच्याकडं पाहिलं. त्या एका उघड्या डोळ्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

"मालूम है मुंतजिमसाब," ते म्हणाले. "मैं साब की तरफ थोड़ी देख रा था. मैं तुमारीच तरफ देख रा था."

नरहररावांनी जोडलेले हात खाली आले.

ख्वाजामियांनी साहेबांच्या हातातल्या किल्ल्या घेतल्या नाहीत. राजेश्वर गावाच्या बाजूला सडकेवर खडी फोडायचं काम चालू होतं, तिथं मजुरांवर देखरेखीला पाठवा, एवढंच त्यांनी मागितलं. तिथं कुलूप नाही, ते म्हणाले. साहेबांनी मान हलवली. ख्वाजामियां फाटकाकडं चालायला लागले, मग थांबले आणि वळून नरहररावांना म्हणाले, "भाभी कू सलाम बोलो. वो घर में रखी थी ना हमना, वो मैं भूला नै."

आणि ते गेले. आम्ही ओळीतच उभे होतो, आणि साहेबांनी सांगितलं नव्हतं म्हणून कुणी ओळ मोडली नाही.